पायांच्या बुंध्याशी दडलेली वंशावळ

कॅनडातल्या बर्जेस शेल खडकात वाप्टिया आणि कॅनाडास्पिस हे सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी सापडले. पाठीवरच्या दुपाखी कवचामुळे ते कोळंबीचे पूर्वज वाटले, यात नवल नाही. पण कवच फसवं असतं. संधिपादांच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये ते स्वतंत्रपणे आलेलं दिसतं. नात्याचा भरवशाचा पुरावा पायांच्या बुंध्याशी असतो, आणि चेपलेल्या जीवाश्मांत नेमका तोच भाग नीट दिसत नाही.

वाट मोकळी केली ती स्वीडनमधल्या चुनखडीच्या गाठींनी. 1970च्या दशकात बॉनचे क्लाउस म्युलर कोनोडोंट हे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म शोधण्यासाठी या गाठी सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवत होते. तळाच्या गाळात त्यांना घबाडच सापडलं: जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे संधिपाद, फॉस्फेटने मढलेले, न चेपलेले, पायांवरच्या केसांसकट! म्युलर आणि डीटर वालोसेक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा पाय न् पाय तपासला.

त्यांतल्या मार्टिनसोनियाच्या पायांच्या बुंध्याशी, आतल्या अंगाला, एक छोटा केसाळ उंचवटा आहे. अन्नकण तोंडाकडे सरकवणं हे त्याचं काम असावं. फॉस्फॅटोकोपिना गटात दुसऱ्या स्पर्शिकेत आणि जबड्यात तोच उंचवटा वाढून पायाचा वेगळा खंड बनलेला दिसतो. कोळंबीचा चावणारा जबडा असा एका पायाच्या बुंध्यातून घडला. मला हा या साऱ्या संशोधनातला सर्वांत सुंदर धागा वाटतो.

याच गाठींतल्या रेहबाकिएलाच्या वाढीचे तर सुमारे 30 टप्पे हाती आले आहेत. त्याच्या पहिल्या डिंभाला अवयवांच्या तीनच जोड्या आहेत. कोळंबीबीज केंद्रांत खाद्य म्हणून वापरतात त्या आर्टेमियाच्या डिंभालाही तेवढ्याच असतात.

2007 मध्ये चीनच्या युनानमधून यिकारिस या संधिपादाचं वर्णन प्रसिद्ध झालं. वय 51 कोटी वर्षांहून अधिक, तरीही पायांच्या बाहेरच्या अंगाला आजच्या कोळंबीसारख्या कवचधाऱ्यांप्रमाणे पातळ पाळ्या. म्हणजे आधुनिक कवचधाऱ्यांची शाखा कँब्रियन कालखंडाच्या सुरुवातीच्या काळातच फुटली होती.

कीटक याच शाखेतून निघाले, असं जनुकीय अभ्यास सांगतात. समुद्रकाठच्या गुहांतले आंधळे रेमिपीड त्यांचे जवळचे नातलग ठरतात. पण स्कॉटलंडच्या ऱ्हायनी खडकातला कीटकांचा सहापायी आप्त जेमतेम 41 कोटी वर्षांपूर्वीचा. यिकारिस आणि त्याच्यामधल्या 10 कोटी वर्षांत समुद्रातून जमिनीवर येणारा तो पूर्वज कसा होता, हे दाखवणारा जीवाश्म अजून सापडलेला नाही.