इंजिन खोलण्याआधी

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात जुनी मारुती 800 किंवा ओम्नी ही घराची मोठी सोय असते. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सगळं तिच्यावर. ती धूर सोडू लागली किंवा मिसिंग मारू लागली, की ‘इंजिन काम निघालं’ हा निकाल फार लवकर ऐकू येतो. या कामाच्या खर्चात कधी कधी दुसरी जुनी गाडी येते. पण दोष दर वेळी इंजिनाच्या पोटातच असतो असं नाही. सैल टर्मिनल, तडकलेली रबरी नळी किंवा तुंबलेला फिल्टरही गाडी बंद पाडू शकतो. म्हणून तपासणी आधी, पार्ट नंतर.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली. तिच्यात आणि ओम्नीत तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं इंजिन. अशा पेट्रोल इंजिनाला चालायला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. दोष यांपैकी कशात आहे, हे एकेक शक्यता बाजूला सारत ठरवता येतं.

सुरुवात बॅटरीपासून. काही शे रुपयांच्या मल्टिमीटरवर उभ्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा स्टार्टर जास्त करंट ओढतो आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर नवी बॅटरीही उतरेल, कारण दोष चार्जिंगचा आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि सैल अर्थिंगही याच वेळी पाहावं.

मग स्पार्क प्लग काढून पाहावेत. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडलं की त्याची खूण प्लगवर उमटते. फिकट तपकिरी टोक म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर आणि चोक पाहायचा. पांढरंफटक टोक म्हणजे हवा जास्त किंवा इंजिन फार तापतंय. ऑइलने ओलं टोक आणि निळा धूर एकत्र दिसले, तर ऑइल जळतंय.

उन्हाळ्यात आणखी एक तक्रार येते: भर दुपारी गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने तिथे उष्णता कोंडते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप ती पुढे ढकलू शकत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर कारण हेच. तरीही सुरू होत नसेल, तर गरम झालेली इग्निशन कॉइल तपासावी.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय मात्र महागात पडतो. इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं आणि झीज वाढते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, म्हणून कूलंटच वापरावं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली 100 अंशांच्या वर गेलेलं पाणी असू शकतं, झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं.

शेवटी दाबाची तपासणी. पेट्रोल आणि ठिणगी बंद करून, सर्व प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावायचं. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि पुरेसे आले, तर इंजिन उघडायची घाई नको. एकच आकडा बराच कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. ऑइल पिस्टनच्या कडेची फट तात्पुरती बुजवतं. त्यामुळे आकडा चढला, तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. चढला नाही, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. नुसतं हेड उतरवून भागेल की पूर्ण इंजिन खोलावं लागेल, हा मोठ्या खर्चाचा निर्णय चमचाभर ऑइलवर होतो.

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नव्हते, आणि इथेनॉल पाणीही शोषतं. म्हणून नळ्या वरचेवर पाहाव्यात, कडक झालेली नळी बदलावी आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नये.

कारंजा असो वा मानोरा, इंजिन खोलायला होकार देण्याआधी मेस्त्रींना एवढंच विचारा: ‘तिन्ही सिलिंडरचे आकडे किती आले?’ आकडे पाहूनच पैसे मोजा.