कोयनेल दुर्मिळ झाले तेव्हा

रणांगणापासून शेकडो कोस दूर, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णालाही युद्ध कसे गाठते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने १९४२ सालच्या कुलाबा जिल्ह्याकडे, त्यातही सह्याद्रीच्या पायथ्याशी उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत वसलेल्या कर्जत-खालापूरकडे पाहावे. पावसाळा सरता सरता ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत हिवताप शिरावयाचा. कंपाउंडरने खाचांची कागदी पट्टी चिकटवून दिलेली कोयनेलच्या मिश्रणाची बाटली, त्यातला तो जहर कडू घोट आणि मग दिवसभर कानांत घुमणारी शीळ, हाच काय तो खात्रीचा इलाज. तोही दवाखान्यापर्यंत पायपीट करू शकणाऱ्यालाच.

परंतु जगातील सुमारे ९० टक्के कोयनेल ज्या जावा बेटाच्या सिंकोना-सालीपासून होई, ते बेट त्या वर्षीच्या मार्चमध्ये जपानने जिंकले. नीलगिरी व दार्जिलिंगकडील सरकारी मळ्यांचे उत्पन्न देशाला मुळातच अपुरे, आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरील फौजेची निकड आधी भागवावयाची. डॉक्टरही फौजेला हवेच होते. १९४६ साली देशातील आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० माणसांमागे १ डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे १ परिचारिका होती. अर्थात ही सरासरी, आणि सरासरीत मुंबई शहरही मोडते!

तळाच्या माणसाला तापावर उरल्या त्या जुन्याच वस्तू: काडेचिराईत, आणि रानातल्या सातविणीची साल.