कासवाच्या पिल्लाचा आहार

भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या माळांवर जमिनीवर राहणारी कासवे आढळतात. युरोपातील पुष्कळ घरांत त्यांची पिल्ले पाळली जातात. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू जेमतेम अक्रोडाएवढे असते. योग्य आहार मिळाला, तर ते ५० वर्षांहूनही अधिक जगू शकते. न मिळाला, तर लहानपणीच दगावते.

रानातील कासव एकाच झुडपापाशी थांबत नाही. चालता चालता ते कोठे पान कुरतडते, तर कोठे फूल. या रानपाल्यात चोथा भरपूर असतो. साखर व प्रथिने मात्र थोडी असतात. म्हणून घरच्या पिल्लालाही रोज पालट करून हिरवा पाला द्यावा लागतो. तुतीची व द्राक्षवेलीची पाने, जास्वंदीची फुले, काटे काढलेला फड्या निवडुंग ही त्याची पक्वान्ने होत. केळे किंवा दुधात भिजवलेला पाव कोणी लाडाने देतात. परंतु त्याने पिल्लाचे पोट बिघडते.

कासवाचे कवच हाडाचेच बनलेले असते. कॅल्शियम अपुरे पडले, की ते मऊ होते आणि वेडेवाकडे वाढते. यासाठी पिल्लाजवळ समुद्रफेनाचा तुकडा ठेवतात. त्यात कॅल्शियम विपुल असते. ऊनही हवेच. उन्हामुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही.

आपल्या देशातही पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव आढळते. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळता येत नाही. ते रानातच सुखी असते. तेथे त्याचे ताट निसर्गच वाढतो.