देवगिरीच्या दोन वीणा आणि कानातला इअरफोन

मोठ्या बोराएवढी डबी. आत आवाज निर्माण करणारे आठ बारीक ड्रायव्हर, अशी एकेक डबी प्रत्येक कानासाठी. किंमत लाखाच्या वर. बनवणारी कंपनी इतकी नवी की दोन वर्षांपूर्वी तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. गाण्याच्या कार्यक्रमांचं साउंड सांभाळणाऱ्या माझ्या मित्राने हा इन-इअर मॉनिटर मागवला आणि आठवडाभरासाठी माझ्या हातात दिला. "ऐकून सांग, पैसे वसूल आहेत का?" एवढंच त्याचं म्हणणं.

प्रश्न साधा वाटला. पण पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की 'छान वाजतोय' यापलीकडे मला काही सांगता येत नाही. छान म्हणजे कशापेक्षा छान? आणि तो कानाला छान वाटतोय, की त्याची किंमत माहीत असल्यामुळे मनाला?

या प्रश्नाचं उत्तर मला छत्रपती संभाजीनगरपासून पंधरा किलोमीटरवर सापडलं. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीवर यादव राजा सिंघण राज्य करत होता. त्याच्या दरबारात हिशेबाच्या कामाचा प्रमुख होता शार्ङ्गदेव. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा आपला मानतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात महागामी गुरुकुलात होणारा शार्ङ्गदेव समारोह त्याच्याच नावाचा. पण त्याच्या ग्रंथातला एक भाग मला संगीतापेक्षाही प्रयोगशास्त्राचा वाटतो.

शार्ङ्गदेव सांगतो, दोन वीणा घ्या. अगदी सारख्या, दोघींचा नाद एकच वाटावा इतक्या. प्रत्येकीवर 22 तारा. पहिली तार सर्वांत खालच्या नादात लावा. दुसरी तिच्याहून किंचित चढी, इतकी किंचित की दोन्हींच्या मध्ये तिसरा नाद बसू नये. अशा बावीस पायऱ्या, म्हणजे बावीस श्रुती. आता एका वीणेला हात लावायचा नाही, ती ध्रुव वीणा. दुसरी चल वीणा, तिचे स्वर एकेक श्रुती उतरवत न्यायचे. दोन श्रुती उतरवल्या की चल वीणेचे गंधार आणि निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ आणि धैवतात मिसळून जातात. तिसरी श्रुती उतरली की ऋषभ-धैवत षड्ज-पंचमात मिसळतात. चौथीला षड्ज, मध्यम आणि पंचम आपापल्या खालच्या स्वरात विरतात. कुठला स्वर किती श्रुतींचा, हे असं कानानेच सिद्ध होतं. मूळ कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातली, पण शार्ङ्गदेवाने तारांसकट ती नीट मांडली.

यातली युक्ती बघा. 'हा स्वर उंच आहे का?' असं तो कानाला विचारतच नाही. 'हे दोन नाद एक झाले का?' एवढंच विचारतो. एकट्या नादाची किंमत करायला सांगितली की कान गोंधळतो. दोन नाद शेजारी ठेवून फरक विचारला की तोच कान विलक्षण अचूक होतो. एक बाजू अचल आणि दुसऱ्या बाजूला एका वेळी एकच बदल, ही शिस्त आजच्या ध्वनिप्रयोगशाळेतही तशीच आहे.

मग माझी ध्रुव वीणा कुठली? समर्थनगरात माझी मावशी गाणं शिकवते. तिच्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. त्याच खोलीत मी तो मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित केला. नंतर समोर खरा तानपुरा वाजत असताना ऐकायचं, थांबायचं, इअरफोन लावून मुद्रण ऐकायचं, काढायचं, पुन्हा तानपुरा. मायक्रोफोनही आपला थोडा रंग चढवतो, हे मान्य. पण आणखी दोन स्वस्त इअरफोन याच मुद्रणावर ऐकले की तो रंग सगळ्यांना सारखाच लागतो.

तानपुराच का? कारण तो अवघड आहे. ज्या स्वरांशाच्या (मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या स्वराच्या) स्थिर बिंदूवर तार छेडली, तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा तारांचा सर्वसाधारण नियम. तानपुऱ्याच्या बाबतीत तो मोडतो आणि सगळे स्वरांश भरघोस ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं. घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठभागाला तार सतत घासून सुटते, आणि जवारीचा सुती दोरा तो स्पर्श नेमका करतो. त्यातून एका तारेतले वरचे स्वरांश एकामागून एक उमलत जातात. इअरफोनचा आवाज एखाद्या ठिकाणी उंचावलेला किंवा खचलेला असेल, तर हा उमलता पट्टा तिथे अडखळतो. सिनेमाच्या गाण्यात हे लपून जातं. तानपुऱ्यात लपत नाही.

नव्या कंपनीच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. आतले ड्रायव्हर बहुतेक कंपन्या स्वतः बनवत नाहीत. नोल्स, सोनियन अशा मोजक्या उत्पादकांकडून ते विकत येतात. यातला एक प्रकार, बॅलन्स्ड आर्मेचर, आधी श्रवणयंत्रांत वापरला जाणारा: चुंबकांच्या मध्ये थरथरणारी इवलीशी पट्टी. रंगमंचावरच्या गोंगाटात स्वतःचं वादन ऐकू यावं म्हणून अमेरिकेत जेरी हार्वी यांनी 1995 च्या सुमारास ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी असे इअरफोन घडवले, आणि श्रवणयंत्रांचं हे तंत्र संगीतात रुळलं. आज ड्रायव्हर विकत मिळतात, कवच थ्रीडी प्रिंटरवर निघतं, त्यामुळे चार-पाच जणांनाही कंपनी काढता येते. मग त्यांचं स्वतःचं काय उरतं? जुळवणी. मिरजेच्या तानपुऱ्याचंही तसंच: भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, पण जवारी लागते ती मिरजेच्या कारागिराच्या हाताने. म्हणून 'आठ ड्रायव्हर' या आकड्याने मी अजिबात भारावलो नाही. कुठल्या ड्रायव्हरने कुठवर वाजायचं आणि पुढच्याकडे नाद कसा सोपवायचा, इथे कस लागतो.

जुळवणी कशाशी करायची, हा पुढचा पेच. आपली कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद. पाव्यासारखी तीही स्वतः घुमते, आणि कानाच्या पाळीसह ती तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे नाद पंधरा डेसिबल किंवा त्याहूनही अधिक वाढवते. जन्मापासून आपण असंच ऐकत आलो, म्हणून मेंदूला ते सपाट वाटतं. इअरफोन पाळीला वळसा घालून थेट नलिकेत शिरतो आणि नलिकेचं तोंड बंद करतो. निसर्गाने दिलेली ती वाढ पुसली जाते आणि बनवणाऱ्याला ती मुद्दाम परत घालावी लागते. कमी घातली तर गायिका पडद्याआडून गाते. जास्त घातली तर तासाभरात डोकं उठतं. नेमकी किती घालावी, यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांना ऐकवून ऐकवून वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून निघालेली 'हार्मन टार्गेट' रेषा आज अनेक नवे उत्पादक समोर ठेवतात.

या उत्पादकाचा आलेख खोक्यातच होता. कृत्रिम कानाचं काम करणाऱ्या धातूच्या नळीत इअरफोन बसवून तो मोजतात. पण आठ हजार हर्ट्झच्या पुढे आलेखावर फार विसंबू नये. इअरफोन नळीत एखादा मिलिमीटर आत-बाहेर झाला की तिथलं शिखर सरकतं, आणि माझी नलिका त्या नळीसारखी नाही.

ऐकण्याआधी मी बसण्याकडे लक्ष दिलं. परीक्षणांत ही गोष्ट दोन ओळींत उरकतात, पण माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो. सिलिकॉनची टोपी नलिकेत नीट बसली नाही, बारीकशी फट राहिली, तर खालचे नाद त्या फटीतून निसटतात. लाखाचा इअरफोन तीनशे रुपयांचा वाटायला लागतो. सोबत आलेल्या टोप्यांनी माझ्या डाव्या कानात फट राहत होती. दुसऱ्या, किंचित मोठ्या टोप्या घातल्या आणि खर्जाची तार एकदम खोलीत आल्यासारखी झाली.

इथे एक सापळा आहे. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तेवढा खालचा नाद जवळजवळ निघतच नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच रचतो. त्यामुळे 'खर्ज ऐकू आला' हा पुरावा होत नाही. त्याऐवजी डग्ग्यावरची मींड ऐकावी: तळहाताने दाबत घुमारा वर नेताना नाद छातीत जाणवतो तसा सलग राहतो, की मधे पोकळ होतो? इथे सलग राहिला.

मग आवाजाच्या पातळीची जुळणी. दोन इअरफोनपैकी एक जरासा मोठा वाजत असेल, तर कानाला तो मोठा न वाटता 'जास्त स्पष्ट', 'जास्त भरीव' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं की आवाजाची पातळी बदलली की खालच्या-वरच्या नादांचं प्रमाणही कानाला बदललेलं भासतं. मापकावर दोन्ही पातळ्या जुळवल्याखेरीज केलेली तुलना मी मोजतच नाही. शिवाय बारीक नादभेदांची आठवण काही सेकंदांतच पुसट होते. 'काल ऐकला तो यापेक्षा उबदार होता' या वाक्याला आधार नाही.

आणि किंमत. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोन-इअरफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किंमत आणि नादाचा आलेख यांत त्यांना काही संबंध आढळला नाही. महाग वस्तूत घडण, तारेचं टिकाऊपण, आराम यांचे पैसे असू शकतात. पण नाद चांगला असणारच, अशी हमी किंमत देत नाही. म्हणूनच डोळे बांधून ऐकणं हवं. इअरफोनच्या बाबतीत ते अवघड, कारण हाताला आणि कानाला आकार कळतोच. तरी मावशीने डोळे मिटून बसायचं, तिच्या सूनबाईने इअरफोन लावून द्यायचा, टोप्या सारख्याच, नाव कुणी उच्चारायचं नाही, इतकं आम्ही केलं. दहापैकी आठ वेळा बरोबर सांगितलं तरी मी लगेच मान डोलावत नाही. नाणं उडवूनही साधारण अठरातल्या एका खेपेला आठ किंवा त्याहून अधिक बरोबर येतातच.

माझा निकाल असा. गळा, हार्मोनियम, तबल्याची चाट, हा सगळा मधला पट्टा खरोखर उत्तम. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये दाखवलं की शाईमुळे तबल्याचे स्वरांश सुरेल जुळतात. तो सूर इथे नुसत्या टकटकीत हरवत नाही. डावा-उजवा कान बारकाईने जुळवलेला. गाणाऱ्याचा आवाज नेमका कपाळाच्या मध्यावर राहतो, बाजू उलटून लावल्यावरही. नव्या उत्पादकाकडून ही शिस्त मिळणं मोठी गोष्ट आहे. दोष वरच्या पट्टीत: जवारीची शेवटची लहर जरा काचेसारखी होते. खऱ्या तानपुऱ्यात ती रेशमी आहे. शिवाय बहु-ड्रायव्हर इअरफोनचा विद्युतरोध नादागणिक बदलतो, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्याचा रंग वेगळा आणि फोनच्या अडॅप्टरवर वेगळा ऐकू आला. विकत घेणाऱ्याने हे दुकानात बसूनच तपासावं, स्वतःच्याच यंत्रावर. मित्राला मी सांगितलं: रंगमंचावर कामाचा आहे, पण स्वस्त जोडीपैकी एक याच्या इतकी जवळ आली की उरलेल्या पैशांत तुझ्या संचातल्या सगळ्यांना इअरफोन घेता येतील. बाहेरचा गोंगाट अडत असल्याने आवाज कमी ठेवता येतो, हेही संपूर्ण संचालाच लागू. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. 90 डेसिबलला तीच 4 तासांवर येते.

मावशीने शेवटच्या दिवशी तो लावून स्वतः सा लावला आणि चटकन काढला. "अरे, माझाच आवाज पोटातून येतोय." बंद नलिकेत हाडांतून आलेला आवाज अडकून घुमतो, ते तिने बरोबर पकडलं. मी म्हणालो, "मावशी, गाऊ नकोस, नुसतं ऐक." तानपुऱ्याचं मुद्रण लावलं. पाच-सात आवर्तनं ती स्तब्ध बसली. मग कानातला इअरफोन तसाच ठेवून उठली, कोपऱ्यातल्या तानपुऱ्यापाशी गेली, तार छेडली, आणि पंचमाचा मणी केसभर खाली सरकवला.