वाईन द्राक्षे लावताय? आधी कायदा समजून घ्या

नवीन बाग लावताना द्राक्ष बागाईतदार खुंट, वाण, पाणी आणि औषधे यांचा बारकाईने विचार करतात. वाईन द्राक्षांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. या द्राक्षांचे मणी लहान व बियांचे असतात. त्यामुळे थॉमसनप्रमाणे ती खाण्यासाठी बाजारात खपत नाहीत. माल घेणारी एकमेव जागा म्हणजे वायनरी. सन 2008-09 च्या सुमारास वाईनची मागणी घटली, तेव्हा नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांना वाईन द्राक्षांच्या उभ्या बागा तोडाव्या लागल्या. म्हणून लागवडीपूर्वीच संबंधित कायद्यांची माहिती करून घ्यावी.

वाईन तयार करण्याचा परवाना

वायनरीने माल नाकारला तर आपणच वाईन का करू नये, असे काही शेतकरी विचारतात. राज्यघटनेनुसार मद्याचे उत्पादन, वाहतूक व विक्री हे विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्रात यासाठी 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. या कायद्यात मद्यनिर्मितीस मनाई हा मूळ नियम असून परवाना हा अपवाद आहे. त्यामुळे द्राक्षे स्वतःच्या शेतातील असली, तरी विनापरवाना वाईन तयार करणे हा गुन्हा ठरतो. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो. शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून या उद्योगास सवलती दिल्या. विंचूर (नाशिक) व पलूस (सांगली) येथील वाईन पार्क या धोरणातूनच उभे राहिले. सवलती मिळाल्या, तरी परवान्याची अट कायम आहे.

लेबलवर काय असावे?

मद्यार्कयुक्त पेयांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची 2018 ची मानके 1 एप्रिल 2019 पासून लागू आहेत. त्यानुसार बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण व आरोग्यविषयक वैधानिक इशारा छापावा लागतो. वाईन आरोग्यास हितकारक आहे, असा दावा लेबलवर करता येत नाही. द्राक्षाऐवजी दुसऱ्या फळाची वाईन असल्यास त्या फळाचे नाव द्यावे लागते.

निर्यातीच्या मालाला त्या त्या देशाचे नियम लागू होतात. युरोपीय संघात लेबलवर एकाच वाणाचे नाव द्यावयाचे झाल्यास किमान 85 टक्के वाईन त्या वाणाची असावी लागते. हंगामाच्या वर्षासाठीही हेच प्रमाण आहे. याचा अर्थ असा, की लेबलचा खरेपणा शेतकऱ्याच्या नोंदवहीपासून सुरू होतो.

'नाशिक व्हॅली वाईन' या नावास भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. हे नाव अधिकृतपणे वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावयाची असते.

विक्री

वाईनच्या विक्रीलाही परवाना लागतो. दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करता येत नाही. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने करही राज्यच ठरवते. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला. म्हणजेच वाईनचा खप, आणि पर्यायाने आपल्या द्राक्षांची मागणी, शासकीय धोरणानुसार कमी-जास्त होऊ शकते.

बागाईतदारांनी घ्यावयाची काळजी

वरील तरतुदी प्रामुख्याने ग्राहकाचे हित व शासनाचा महसूल जपतात. शेतकऱ्याच्या मालाला उठाव मिळेल, याची हमी त्यांत नाही. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

1. कलमे आणण्यापूर्वी वायनरीशी लेखी करार करावा. वायनरीचा परवाना चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

2. करारात वाण, क्षेत्र, वर्षे, दर, साखरेचे प्रमाण (ब्रिक्स), वजन कोठे व्हावयाचे आणि पैसे किती दिवसांत मिळावयाचे, हे स्पष्ट लिहावे.

3. वायनरीने माल न उचलल्यास भरपाई काय, याचे कलम अवश्य घालावे.

4. प्लॉटनिहाय वाण, फवारण्या व तोडणीची तारीख यांची नोंद ठेवावी.

5. सर्व क्षेत्र एकदम वाईन द्राक्षांखाली आणू नये.

द्राक्षबाग हे अनेक वर्षांचे पीक आहे. म्हणून करारही एका हंगामापुरता करू नये.