आजाराची चिठ्ठी आणि बाजारातली पत

सुताचा, चामड्याचा, हार्डवेअरचा घाऊक व्यवहार आजही बऱ्याच अंशी जबानीवर चालतो. नव्वद दिवसांच्या उधारीमागे कागद कमी आणि माणूस जास्त असतो. म्हणून त्या माणसाची तब्येत हीसुद्धा बाजाराची खबर ठरते. अमुक शेठचे डायलिसिस सुरू झाले एवढे कानावर गेले की माल देणारे रोख मागू लागतात, आणि ज्यांच्याकडून येणे आहे ते 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू लागतात. वास्तविक डायलिसिसवर असलेली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे दुकान सांभाळतात. पण दवाखान्यातली बातमी पेढीवर पोहोचायला वेळ लागत नाही, आणि ती बहुधा पोहोचवतात ती आपलीच माणसे.

कारागिराची अडचण याहून बिकट. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग असोत, धारावीतले चामड्याचे गाळे असोत की जरीचे कारखाने, जिथे काम तिथेच जेवण आणि तिथेच झोप. अशा कोंदट जागेत एखाद्याला क्षय निघणे नवलाचे नाही. नवल वाटावे अशी गोष्ट पुढे घडते. चिठ्ठी मालकाच्या हाती लागली की त्याच दिवशी हिशेब चुकता होतो आणि कारागीर गावी रवाना. हे पाहिलेला दुसरा कारागीर मग खोकला लपवतो, गोळ्या लपवून खातो आणि थोडे बरे वाटताच सोडून देतो. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. तो अर्धवट सुटला तर रोग औषधाला दाद देईनासा होतो आणि त्याच खोलीतल्या बाकीच्यांना धोका वाढतो. याउलट, औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांतच बहुतेक रोग्यांपासून लागण होण्याची भीती फार कमी होते. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी रजा आणि जागा सांभाळून ठेवण्याचा शब्द एवढ्यावर जिथे भागते, तिथे मालक भीतीपोटी आपल्याच कारखान्यात रोग मुरवून घेतो.

क्षयाबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. २०१२ पासून क्षयाचा रोगी आढळल्यास शासनाला कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि २०१८ पासून औषध दुकानदारांनाही. यावरून लोक धरून चालतात की ही गोष्ट आता उघडच झाली. तसे नाही. ही खबर आरोग्य खात्याकडे जाते. मालकाकडे, घरमालकाकडे किंवा मोहल्ल्यात ती जावी असे कोणताही नियम सांगत नाही. शिवाय या नोंदीचा रोग्याला फायदाच आहे. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये खात्यात जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली.

डॉक्टरांवरचे बंधन कायद्याने पक्के आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रोग्याकडून कळलेली गोष्ट डॉक्टरला बाहेर सांगता येत नाही. न्यायाधीशाचा हुकूम, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि निश्चित धोका, आणि शासनाला कळवण्याचे रोग, एवढेच अपवाद. याच नियमांत रोग्याला आपल्या कागदपत्रांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत मिळण्याचा हक्क आहे. बिलावरून वाद असला की प्रत अडवून ठेवणारे दवाखाने आपण सगळेच पाहतो. त्यांना हा नियम दाखवावा. डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

रोजीरोटी आणि आजार यांच्या संबंधात आपल्या राज्यातला एक निकाल कारागिरांनी माहीत करून घ्यावा. मुंबई उच्च न्यायालयात १९९७ साली एका रोजंदारी मजुराचा खटला आला. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून एका सरकारी कंपनीने त्याला कामावरून वगळले होते. न्यायालयाने सांगितले की, माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि त्याच्यापासून इतरांना मोठा धोका नाही, तर केवळ या कारणाने त्याची रोजी काढून घेता येणार नाही. त्या मजुराचे नावही न्यायालयाने उघड होऊ दिले नाही. निकालपत्रात तो 'एमएक्स' आहे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात सांगितले की हा हक्क अमर्याद नाही, होणाऱ्या पत्नीच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेचा आधार घेता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. एचआयव्हीचा स्वतंत्र कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि नोकरीसाठी या तपासणीची अट घालणे त्यात मना आहे.

मग मालकाने काहीच विचारायचे नाही काय? विचारायचे, पण कामापुरते. हॉटेल, बेकरी, मटणाचे दुकान चालवणाऱ्यांना अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार कामगारांची वर्षातून एकदा तपासणी करून दाखला ठेवावाच लागतो. त्या दाखल्यावर हा माणूस अन्न हाताळण्यास योग्य आहे एवढे डॉक्टर लिहून देतो. मालकाला तेवढेच पुरे. रक्ताचे रिपोर्ट मागून घेण्याचे काही कारण नाही, आणि दाखले गल्ल्यामागे खिळ्याला टांगून ठेवण्याचे तर मुळीच नाही. फाईल करावी, कपाटात ठेवावी, निरीक्षक आला की दाखवावी. आजारपणाच्या रजेसाठीही 'इतके दिवस विश्रांती आवश्यक' असा दाखला चालवून घ्यावा, रोगाचे नाव त्यात हवेच असा हट्ट नको.

मेडिकल स्टोअर चालवणाऱ्यांकडे तर आख्ख्या वस्तीची अमानत असते. एच-१ यादीतल्या औषधांसाठी रोग्याचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध आणि मात्रा रजिस्टरात लिहून तीन वर्षे जपावी लागते. क्षयाची औषधे याच यादीत आहेत. हे रजिस्टर कित्येक दुकानांत काउंटरवर उघडे पडलेले असते. शेजारचा गिऱ्हाईक सुटे पैसे मिळेपर्यंत पाने चाळतो, आणि कोणाच्या घरात कसले औषध जाते हे संध्याकाळच्या आत चहाच्या टपरीवर पोहोचते. रजिस्टर काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवायला दमडीही लागत नाही. औषधाचे नाव मोठ्याने पुकारून 'हे कोणाचे?' विचारण्याची सवयही सोडावी.

आणि आता मदतीच्या कागदांबद्दल. जकातीतून किंवा ट्रस्टकडून उपचारासाठी मदत मागताना दवाखान्याचा अंदाजपत्रकाचा कागद आणि रिपोर्ट लागतात, आणि मदत देणाऱ्याने खातरजमा करावी हे योग्यच. पण तो रिपोर्ट नाव, वय, पत्ता, फोन नंबर आणि रोग्याच्या फोटोसकट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला जातो. एका ग्रुपवरून दहा ग्रुपवर जातो. बाप मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवतो, मुलगी बरी होते, कागद मात्र फिरतच राहतो आणि चार वर्षांनी नेमका रिश्त्याच्या वेळी समोर येतो. कागद ट्रस्टच्या दोन जबाबदार माणसांनी पाहावेत, दवाखान्यात फोन करून खात्री करावी आणि ग्रुपवर फक्त 'तपासलेले प्रकरण, इतकी रक्कम कमी पडते' असे लिहावे. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरले तर देणाऱ्याचीही खात्री होते. काही ट्रस्ट नाव झाकून अपील करतात. त्यांची मदत कमी येते असे काही दिसत नाही.

आजाऱ्यांच्या याद्या फिरल्या की काय होते हे २०२० मध्ये आपल्या फेरीवाल्यांनी सोसले आहे. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत खरी-खोटी नावे मोबाईलवर फिरली आणि फळ-भाजी विकणाऱ्यांना नाव विचारून गल्लीतून परत पाठवले गेले. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयालाच सूचना काढावी लागली की बाधितांची नावे व वस्ती समाजमाध्यमांवर पसरवू नका आणि कोणत्याही समाजावर रोगाचा शिक्का मारू नका.

गुप्ततेचा अर्थ विमा कंपनीपासून लपवणे असा मात्र कोणी घेऊ नये. प्रस्तावाच्या फॉर्मात मधुमेह, रक्तदाब, जुने ऑपरेशन विचारले असेल तर खरे लिहावे. एजंट 'लिहू नका, हप्ता वाढेल' म्हणतो, पण दावा नामंजूर झाला की तो फोन उचलत नाही. सही करण्याआधी फॉर्म स्वतः वाचावा, वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा.

डिजिटल माहितीच्या रक्षणाचा केंद्राचा कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नुसत्या कागदी वहीला हा कायदा लागत नाही. पण त्याच वहीचा फोटो काढून दुकानाच्या मोबाईलवर ठेवला, किंवा कामगारांचे दाखले संगणकात घातले, की ती माहिती कायद्याच्या कक्षेत येते. ज्यांच्या दुकानात अशी माहिती जमते त्यांनी कोणते कागद खरोखर लागतात ते आताच पाहून घ्यावे आणि ज्यांची मुदत संपली आहे ते फाडून टाकावेत. रद्दीत घालू नयेत, कारण रद्दीवाला त्याच्या पुड्या बांधतो.