हौद, उच्छ्वास व हिशेबी कागद

नगर राहावयास सुखाचें कशानें होतें, असा प्रश्न केला असतां बहुतेक लोक वाडे, मंदिरें व बागा यांकडे बोट दाखवितील. आमच्या मतें त्याचें उत्तर पुष्कळदां जमिनीखालीं सांपडतें. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारींत घातला गेला व दोन वर्षांनीं त्याची वास्तुशांति झाली, हें इतिहासाच्या अभ्यासकांस तोंडपाठ असतें; परंतु भोंवतालच्या पेठांतील घागरींत पुढें पाणी येऊं लागलें तें कोठून, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या जलव्यवस्थेचें स्वरूप थोडक्यांत सांगून, शेवटीं संग्राहकांस एक विनंति करण्याचा आमचा हेतु आहे.

पुणें मुठेच्या कांठीं वसलें असलें तरी नदीचें पात्र वस्तीहून खालीं. तिचें पाणी वाहूनच आणावयाचें. वस्ती वाढली तशी विहिरींची व नदीची भिस्त अपुरी पडूं लागली. तेव्हां बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (कारकीर्द १७४०–१७६१) यांनीं दक्षिणेस कात्रजच्या घाटाखालीं आंबील ओढ्याचें पाणी तलावांत अडवून तें शहरांत आणविलें. वरच्या तलावांत गाळ बसावा व खालच्यांतून निवळ पाणी पुढें जावें, अशी योजना होती. तेथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारें ८ किलोमीटर, जुन्या मापानें ५ मैल, चुनेगच्ची बांधणीचा भूमिगत मार्ग काढला. यासच लोक ‘कात्रजचा नळ’ म्हणतात. नांव नळ असलें तरी मुख्य मार्ग म्हणजे आंतून मनुष्य चालूं शकेल असें भुयारच होय. यांत रहाट नाहीं, मोट नाहीं; कात्रज उंचावर व शहर सखल, एवढ्या एका गोष्टीवर सर्व कारभार चालला. उतार फार झाला तर वेगानें चुना खरवडतो, कमी झाला तर गाळ सांचतो. सबंध वाटेवर हा तोल राखणारे कारागीर सामान्य नव्हते.

ह्या मार्गावर ठिकठिकाणीं जे चौकोनी मनोरे किंवा विहिरीसारखीं तोंडें बांधिलेलीं असत, त्यांस ‘उच्छ्वास’ अशी संज्ञा आहे. ‘उद्’ व ‘श्वस्’ यांपासून झालेला हा शब्द येथें अक्षरशः सार्थ आहे. बंद मार्गांत वायु कोंडला म्हणजे पाण्याची गति अडते. त्यास बाहेर पडावयास वाट ठेविली म्हणजे नळ जणूं श्वास घेतो. त्याच वाटेनें माणूस उतरून गाळ काढी व भेगा बुजवी. आमच्या पूर्वजांनीं केवळ नळ बांधिला नाहीं, तो दुरुस्त करावयाची सोयहि त्याच्याच अंगीं बांधून ठेविली, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ही विद्या पुण्यास नव्यानें निर्माण झाली असें मात्र समजूं नये. दक्षिणेंत तिची परंपरा जुनी आहे. मलिक अंबर (मृत्यु १६२६) यानें खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें भूमिगत नहर आणिली होती; विजापूर व अहमदनगर येथेंहि असे मार्ग होते.

कात्रजचें पाणी हौदांत पडे व लोक दोर-घागर टाकून तें काढीत. पुढें नाना फडणिसांनीं आंबेगांवच्या बाजूनें, व रास्त्यांनीं कोंढव्याहून, असे आणखी नळ आणिले. साततोटी, फडके हौद, पंचहौद हीं नांवें अद्यापि लोकांच्या तोंडीं आहेत. धर्मशास्त्रांत वापी, कूप, तडाग यांचें निर्माण ‘पूर्त’ म्हणून गौरविलें आहे. परंतु पूर्ताचें पुण्य गातांना एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. अस्पृश्य मानलेल्या लोकांस ह्या पाण्यास हात लावण्याची मुभा नव्हती. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद त्यांस खुला केला, तेव्हां शहराच्या सुखसोयींत एका मोठ्या उणिवेची जाणीव प्रथमच उघडपणें करून दिली गेली. जलव्यवस्थेच्या इतिहासांत नानासाहेबांच्या धरणाइतकेंच ह्या एका हौदासहि स्थान दिलें पाहिजे.

१८७९ मध्यें खडकवासल्याचें धरण पुरें झालें आणि लोखंडी नळांचें पाणी आल्यावर हौदांचें महत्त्व ओसरलें. तथापि १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून खडकवासल्याचेंहि गेलें, तेव्हां नव्या नळांचें पाणी तुटलें आणि लोकांनीं जुन्या विहिरी व हौद यांचाच आश्रय केला. असें असतां आज कित्येक उच्छ्वास बांधकामांखालीं गडप झाले आहेत. उच्छ्वास बुजला म्हणजे नळाचा मार्ग दाखविणारी खूणच नाहींशी होते. आणि मार्ग ठाऊक नसला म्हणजे पुढचा पाया खणणारा नळावरच घाव घालतो.

जमिनीवरची खूण गेली तर कागदावरची तरी राहावी. येथें आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. तरुणपणीं एका परिचिताच्या माळ्यावरील मोडी रुमाल आम्हीं चाळला. सरदारांचीं नांवें असलेलीं पत्रें तेवढीं वेचून उतरून घेतलीं; विटा, चुना, गवंड्यांचा रोजमुरा व हौदांतील गाळ उपसण्याची मजुरी यांच्या याद्या ‘किरकोळ’ म्हणून परत बांधून ठेविल्या. पुढील वर्षीं गेलों तों तो रुमाल रद्दींत गेला होता. आम्हीं उतरलेलीं पत्रें पुढें अन्यत्र छापलेलींच निघालीं. त्या याद्यांची प्रत मात्र आम्हांस कोठेंहि आढळली नाहीं. कोणता हौद कोणत्या ऋतूंत उपसला जाई, त्याचा खर्च सरकार देई कीं पेठ देई, हें त्यांवरून कळलें असतें. धरण कोणी बांधिलें हें एक शिलालेखहि सांगूं शकतो. तें पिढ्यान्‌पिढ्या चालतें कोणीं ठेविलें, हें हिशेबी कागदांवांचून कळण्यास मार्ग नाहीं.

म्हणून विनंति इतकीच कीं, ज्यांच्या संग्रहीं नळ, हौद, विहीर किंवा मोरी यांच्या दुरुस्तीच्या याद्या असतील, त्यांनीं त्या राजकारणी पत्रांइतक्याच जपाव्या. तारीख, पेठ व रक्कम यांसह त्यांची नोंद करून ठेवावी. तसेंच ज्यांच्या घराच्या परसांत जुना उच्छ्वास असेल, त्यांनीं तो बुजविण्यापूर्वीं त्याचें स्थान व खोली टिपून मंडळाकडे कळवावी. अशा दहावीस नोंदी जुळल्या तरी हरवलेल्या मार्गाची रेषा नकाशावर पुन्हां काढतां येईल.